तुमच्या नंबरावर कुणी काय नाव लिहिलंय, ते आधी बघा

मी १९८४ साली टेलिफोन खात्यात लागले. आधी ट्रंकवर, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायच्या कामावर होते, मग नव्वदच्या सुमारास १९७ च्या टेबलावर आले. १९७ म्हणजे डिरेक्टरी चौकशी. लोक फोन करायचे, "ताई, पंचवटीतल्या अमक्या डॉक्टरांचा नंबर द्या ना," आणि आम्ही डिरेक्टरी उघडून नंबर सांगायचो. त्या पुस्तकाच्या कडा रोजच्या हाताळणीनं काळ्या पडल्या होत्या. पाटील आणि जाधव यांची पानं तर इतकी मऊ झाली होती की बोट लावलं की तिथंच उघडायची. बदललेले नंबर शिसपेन्सिलनं वर लिहून ठेवलेले असायचे. पुढं संगणक आला आणि पुस्तक कपाटात गेलं. मी ३१ जानेवारी २०२० ला, बीएसएनएलच्या मोठ्या स्वेच्छानिवृत्तीत घरी आले.

त्या पुस्तकाची एक गोष्ट आता फार आठवते. आडनाव माहीत असेल तर नंबर सापडायचा, पण नुसता नंबर हातात असेल तर माणूस सापडायचा नाही. पुस्तक आडनावांनी लावलेलं असल्यामुळे ते त्या बाजूनं उघडायचंच नाही. शिवाय ज्यांना नंबर छापून नको असेल ते तसा अर्ज देत, आणि अशांचा नंबर कुणी विचारला तर आम्ही "नोंद नाही" एवढंच सांगायचो. समोरचा कितीही रागावला तरी.

मोबाइलची अशी जाड डिरेक्टरी कधी कुणाच्या दारात आली नाही, त्यामुळे मोबाइलला डिरेक्टरी नसतेच असं पुष्कळांना वाटतं. ती असते, आणि बरोबर उलट्या बाजूनं उघडते: नंबर टाकायचा, नाव बघायचं. ते नाव तुम्हाला न विचारता दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं असतं. गेल्या तीन-चार वर्षांत इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड इथल्या ओळखीच्या बायकांच्या फोनवर बसून मी जे केलं, तेच इथं लिहिते आहे. तुम्हालाही करता येईल. एक दुपार पुरते.

आधी एक प्रसंग सांगते, म्हणजे मी इतकी मागे का लागते ते कळेल.

नाशिकरोडला एक मुलगी सासर सोडून आईकडे परत आली. जुना नंबर बंद करून तिनं नवीन सिम घेतलं. तो नंबर आई, भाऊ, मावशी आणि वकील या चौघांनाच माहीत होता. पंधरा दिवस झाले नाहीत तोच नवऱ्याच्या चुलतभावाचा फोन आला. "जेलरोडला राहते ना आता?" म्हणाला. मुलगी घाबरून माझ्याकडे आली. मी शेजारच्या मुलाचा फोन मागून घेतला, त्यात नंबरावरून नाव सांगणारं एक अॅप होतं, त्यात तिचा नंबर टाकला. पडद्यावर तिचं नाव आलं, सासरचं आडनाव आलं आणि पुढं लिहिलेलं आलं: "जेलरोड नविन". नवीनमधला "वि" ऱ्हस्व. मी मावशीला फोन उघडायला सांगितला. तिच्या फोनमध्ये अक्षरन् अक्षर तेच, त्याच चुकीसकट. मावशीनं कुणालाही नंबर दिला नव्हता. तिनं फक्त एक अॅप टाकलं होतं आणि ते मागेल त्या प्रत्येक प्रश्नाला "अलाऊ" दाबलं होतं, म्हणजे फोनमधली सगळी नावं आणि नंबर वाचायची परवानगीही देऊन टाकली होती.

म्हणून पहिलं काम सेटिंग्ज बदलण्याचं नाही. आपण बाहेरून कसे दिसतो ते आधी बघून घ्यायचं.

बाहेरून बघा

वही-पेन घ्या. ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही अशा कुणाचा तरी फोन दहा मिनिटं मागून घ्या. वाण्याच्या मुलाचा चालेल, नव्या भाडेकरूचा चालेल. त्याच्या फोनमध्ये नाव सांगणारं अॅप असेल तर त्यात तुमचा नंबर टाका आणि जे दिसेल ते जसंच्या तसं वहीत उतरवा. मग त्याच फोनच्या व्हॉट्सअॅपवर नंबर टाकून तुमचा फोटो दिसतो का, "अबाउट"मध्ये काय दिसतं, तेही लिहा. नंतर पैसे पाठवायचं अॅप उघडायला सांगा, त्यात नंबर टाका. पैसे पाठवू नका, फक्त नाव काय येतं ते बघा. शेवटी गुगलवर नंबर शोधा, तोही तीन तऱ्हांनी: दहा आकडे सलग, पाच-पाच आकड्यांमध्ये जागा सोडून, आणि पुढं +९१ लावून. दर वेळी नंबर अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर भलतंच काहीतरी येतं.

माझ्या शेजारणीच्या वहीत काय काय निघालं बघा: एका ठिकाणी "शिवणकाम काकू राणेनगर", दुसरीकडे पूर्ण नाव आणि आडनाव, व्हॉट्सअॅपवर नातवाचा शाळेच्या गणवेशातला फोटो, शाळेचं बोधचिन्ह स्पष्ट दिसणारा. तीन तुकडे तीन ठिकाणी. ते एकत्र केले की माणूस कोण, राहतो कुठं, करतो काय, नातू कुठल्या शाळेत जातो, सगळं समजतं. फसवणारा माणूस हेच तुकडे जोडतो आणि मग फोनवर तुम्हाला नावानं हाक मारतो.

नाव काढायचं कसं

नंबरावरून नाव सांगणारी अॅपं बरीच आहेत. आपल्याकडे सगळ्यात जास्त फोनांत दिसतं ते ट्रूकॉलर. कंपनी स्वीडनमधल्या स्टॉकहोमची, २००९ मध्ये सुरू झालेली. त्यातून नंबर काढायची सोय त्यांनी ठेवलेली आहे, पण क्रम चुकला तर काम होत नाही.

तुमच्या फोनमध्ये ते अॅप असेल तर आधी खातं बंद करावं लागतं. अॅपच्या सेटिंग्जमध्ये जा, तिथं प्रायव्हसी सेंटर आहे, त्यात खाली डीअॅक्टिव्हेट. नुसतं अॅप फोनमधून काढून टाकलं तर खातं बंद होत नाही. इथंच बहुतेक जण अडकतात. खातं बंद झाल्यावर ब्राउझरमध्ये ट्रूकॉलरच्या संकेतस्थळावर अनलिस्टिंगचं पान शोधा. +९१ सह नंबर टाका, कारण विचारतात ते निवडा, अनलिस्ट दाबा. २४ तासांत नाव निघेल असं कंपनी सांगते. दोन दिवसांनी पुन्हा त्याच शेजाऱ्याच्या फोनवर खात्री करून घ्या.

अॅप ठेवायचं आणि यादीतूनही निघायचं, असं दोन्ही होत नाही. नको ते फोन ओळखायला अॅपचा उपयोग होतो हे खरं आहे, आणि एकट्या राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मी ते काढायला सांगितलं नाही. तिच्या प्रोफाइलमध्ये आम्ही फक्त नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव ठेवलं, फोटो, ईमेल आणि पत्ता काढला. ज्याला आपला माग लागू नये असं वाटतं त्यानं मात्र पूर्ण निघावं. इतर अॅपांतही अशीच सोय बहुधा "अनलिस्ट", "रिमूव्ह माय नंबर" किंवा "डिलीट माय डेटा" या नावानं त्यांच्या संकेतस्थळावर असते. मात्र नंबर काढण्यासाठी कुणी पैसे मागितले तर पान बंद करा.

ब्रिटनमध्ये २००९ च्या जूनमध्ये ११८८०० या नावानं मोबाइलची डिरेक्टरी सेवा निघाली होती. वेगवेगळ्या ठिकाणांहून नंबर विकत घेऊन लाखो लोकांची यादी केली होती. आपलं नाव काढा म्हणणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की जुलैत ती थांबवावी लागली. तिथं लोकांना निदान एक दार होतं, ज्यावर जाऊन धडका देता येत होत्या. आपली यादी हजार फोनांत विखुरलेली आहे, म्हणून दार ठोठावण्याबरोबर स्वतःच्या फोनपासूनही सुरुवात करावी लागते.

तुमच्या फोनमध्ये दुसऱ्यांचे नंबर आहेत

माझ्या मते अख्ख्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. लोक तो सोडून देतात, कारण यातून आपल्याला स्वतःला लगेच काही मिळत नाही. त्या मुलीनं सगळी काळजी घेतली होती आणि दार उघडं राहिलं ते मावशीच्या फोनचं.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडा, प्रायव्हसीत जा, परमिशन मॅनेजर उघडा आणि कॉन्टॅक्ट्सवर बोट ठेवा. तुमचे नंबर वाचायची परवानगी कुठल्या कुठल्या अॅपांना आहे त्याची यादी समोर येईल. नाव थोडं इकडं-तिकडं असू शकतं. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत "परमिशन" लिहा. त्या मावशीच्या फोनमध्ये एकवीस अॅपं निघाली. त्यात बॅटरीचं अॅप, देवाच्या आरत्यांचं अॅप, फोटोला फुलांची चौकट लावायचं अॅप आणि एक झटपट कर्ज देणारं अॅप. आरतीला तुमच्या नणंदेचा नंबर कशाला लागतो? एकेकावर दाबून "डोंट अलाऊ" करा. मावशीच्या यादीत शेवटी फोन, मेसेज, व्हॉट्सअॅप आणि गुगलचं कॉन्टॅक्ट्स एवढीच चार राहिली, आणि तिचं काहीही अडलं नाही. कर्जाचं अॅप तर फोनमधूनच काढलं. अशी कर्ज देणारी अॅपं हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून अब्रू घालवतात, आणि त्यांना ते नंबर याच परवानगीतून मिळतात. आयफोनच्या नव्या आवृत्तीत, म्हणजे आयओएस १८ पासून, सगळे नंबर देण्याऐवजी निवडक तेवढेच देता येतात.

दुसरं, नंबर सेव्ह करताना नावापुढं माणसाचा इतिहास लिहू नका. "विधवा", "घटस्फोट केस", "एकटी राहते फ्लॅट ४", "पगारी बँकवाली" असं मी लोकांच्या फोनमध्ये डोळ्यांनी पाहिलं आहे. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, त्याला फक्त लक्षात राहायला हवं असतं. पण ती ओळ फोनच्या बाहेर गेली की त्या बाईच्या नावाला चिकटते. जुन्या डिरेक्टरीत नाव, पत्ता आणि नंबर यापलीकडे कुणाबद्दल एक शब्द नसायचा. लक्षात ठेवायला काही हवंच असेल तर घरच्या वहीत लिहा.

सिम कुणाच्या नावावर आहे?

आता फोन कंपनीकडूनच नाव दाखवायची सोय येते आहे. सीएनएपी म्हणतात तिला. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं २०२४ च्या फेब्रुवारीत तशी शिफारस केली आणि २०२५ च्या अखेरीपासून कंपन्या टप्प्याटप्प्यानं ती आणू लागल्या. यात दिसणारं नाव लोकांनी सुचवलेलं नसतं. सिम घेताना भरलेल्या अर्जावर जे नाव असेल ते दिसतं. नाव तरी खरं येईल, या अर्थानं हे बरं आहे. पण आपल्याकडे घरातली चार सिमं एकाच्याच नावावर घेतलेली असतात. बायकोचं सिम नवऱ्याच्या नावावर, मुलीचं बापाच्या, आणि आजीचं तर कधीकाळच्या दुकानदाराच्या ओळखीवर. तिनं फोन केला की समोर भलत्याचंच नाव येईल. त्या मुलीचं नवीन सिम भावाच्या नावावर होतं, आणि तिच्या बाबतीत आम्ही ते मुद्दाम तसंच राहू दिलं. तुमच्या घरात काय सोयीचं ते तुम्ही ठरवा, पण आहे काय ते आधी माहीत करून घ्या. नाव बदलायचं असेल तर जुना आणि नवा दोघं धारक आधार कार्ड घेऊन कंपनीच्या अधिकृत गॅलरीत जा. कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या टपरीवर हे काम करून घेऊ नका.

त्याच बैठकीत संचार साथीही बघून टाका. दूरसंचार विभागानं मे २०२३ मध्ये सुरू केलेलं हे सरकारी पोर्टल आहे, आणि जानेवारी २०२५ पासून त्याचं अॅपही आहे. पत्ता: संचारसाथी डॉट जीओव्ही डॉट इन. तिथं आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती सिमं आहेत ते दिसतं. आपल्या राज्यात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ चालतात. यादीत ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथंच "नॉट माय नंबर" निवडून कळवा. सातपूरला कंपनीत जाणाऱ्या एका भाचेजावयांच्या नावावर दोन अनोळखी सिमं निघाली. आधारची झेरॉक्स कुठं कुठं दिली होती ते आठवायला त्यांना अख्खी संध्याकाळ लागली.

पैशाच्या अॅपमधलं नाव

हे लोकांच्या लक्षातच येत नाही. यूपीआयच्या अॅपमध्ये तुमचा नंबर टाकला की बँकेत नोंदलेलं पूर्ण नाव दिसतं. पैसे चुकीच्या माणसाला जाऊ नयेत म्हणून ती सोय आहे आणि ती असायलाच हवी. पण त्यामुळे ज्याच्या हातात नंबर आहे त्याला नावही कळतं, हे धरून चाला.

आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, तुमचा यूपीआय आयडी नंबरावरून बनलेला आहे का ते बघा. दहा आकडे आणि पुढं अॅटचं चिन्ह असा असेल, तर तुम्ही कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये दिले तरी समोरच्याकडे नाव आणि नंबर दोन्ही जाऊ शकतं. अॅपच्या प्रोफाइलमध्ये जाऊन आकडे नसलेला नवा आयडी बनवा, तो मुख्य म्हणून निवडा. पाच मिनिटांचं काम आहे. दुसरं, पैसे घ्यायचे असतील तेव्हा नंबर सांगण्याऐवजी क्यूआर दाखवा. घरगुती डबे देणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या बायकांनी तर नक्कीच. प्रोफाइलमध्येच "यूपीआय नंबर" म्हणून एक भाग असतो, तिथून मोबाइल नंबर खात्यापासून सोडवताही येतो.

वधू-वर पुस्तिका, सोसायटीची यादी आणि सोडतीची पेटी

नाशिकमधली खरी मोबाइल डिरेक्टरी कुठली असं मला विचाराल तर मी समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेकडे बोट दाखवीन. मेळावा होतो, पुस्तिका निघते, आणि तिच्यात मुलीचा फोटो, जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण, पगार, घराचा पत्ता आणि मोबाइल नंबर, सगळं एका चौकटीत असतं. पूर्वी ती शंभर घरांत जायची आणि वर्षभरानं रद्दीत. आता मेळाव्याच्या संध्याकाळीच तिची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरते आणि कधीच रद्दीत जात नाही. माझ्या भाचीचं लग्न होऊन तिला मूल झालं, तरी पाच वर्षांपूर्वीच्या पुस्तिकेवरून तिला रात्री दहा वाजता फोन येतात. एकानं तर जन्मतारीख सांगून "बँकेतून बोलतोय" म्हटलं. जन्मतारीख बरोबर असल्यामुळे ती क्षणभर थांबलीच.

फॉर्म भरताना मुलीचा नंबर देऊ नका. वडिलांचा किंवा मामांचा द्या, त्याहून चांगलं म्हणजे या कामापुरतं एक वेगळं सिम घ्या आणि लग्न ठरलं की ते बंद करा. पत्त्यात फक्त परिसर लिहा: "गंगापूर रोड, नाशिक" एवढं पुरे. जन्मवेळ पुस्तिकेत कशाला? पत्रिका मागणाऱ्याला वेगळी देता येते. मंडळाच्या लोकांना हे सांगायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. तिथं आपलेच काका-आत्या बसलेले असतात. मी आमच्या मंडळात सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कुणाला पटलं नाही. दुसऱ्या वर्षी पुस्तिकेत नंबरांऐवजी नोंदणी क्रमांक छापले आणि नंबर मंडळाच्या कार्यालयातून द्यायला सुरुवात झाली. त्याला माणूस बसवावा लागतो, दोन आज्या आळीपाळीनं बसतात.

आधी छापून गेलंच असेल तर मंडळाला लेखी द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. मी असा मजकूर देते, तसाच उतरवून घ्या:

"आपल्या पुस्तिकेत माझा मोबाइल क्रमांक प्रसिद्ध झाला आहे. तो प्रसिद्ध करण्यास दिलेली संमती मी मागे घेत आहे. आपले संकेतस्थळ, ग्रुप आणि संगणकावरील याद्या यांतून तो काढून टाकावा, पुढील आवृत्तीत छापू नये, आणि काढल्याचे मला लेखी कळवावे."

या पत्रामागं कायद्याचं बळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. दिलेली संमती मागे घेणं, माहिती दुरुस्त करायला किंवा पुसायला सांगणं हे हक्क त्यात आहेत. एखाद्यानं घरगुती कामासाठी फोनमध्ये तुमचा नंबर ठेवला तर त्याला हा कायदा लागत नाही. तिथं गोडीनंच सांगावं लागतं.

सोसायटीची यादीही अशीच. फ्लॅट क्रमांक, मालक, भाडेकरू, नंबर, गाडीचा नंबर, सगळं एका एक्सेल फाइलमध्ये भरून ग्रुपवर टाकतात आणि तिथून ती दलालांकडे जाते. यादी अध्यक्ष, सचिव आणि वॉचमनच्या केबिनमध्ये असली की काम भागतं. पाणी येणार नाही, लिफ्ट बंद आहे अशा सूचनांसाठी व्हॉट्सअॅपची कम्युनिटी करा. तिथल्या सूचनांच्या ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, अॅडमिनला दिसतात. आणि स्वतःच्या व्हॉट्सअॅपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी इथं जाऊन फोटो, अबाउट आणि ग्रुप्स या तिन्हींना "माय कॉन्टॅक्ट्स" करा, म्हणजे कुणीही परका तुम्हाला ग्रुपात ओढणार नाही.

डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शन लागलं की दाराशी सोडतीची पेटी असते. चिठ्ठीवर नाव, मोबाइल, लग्नाचा वाढदिवस. ती चिठ्ठी भरू नका. कपड्याच्या दुकानात बिल करताना नंबर विचारला तर "नंबर न देता बिल करा" म्हणा. बिलासाठी तो द्यावाच लागतो असं नाही, आणि दुसऱ्यांदा सांगितलं की मुलगी निमूट बिल करून देते.

आता सिंहस्थ तोंडावर आहे. पंचवटी, तपोवन, त्र्यंबकच्या रस्त्यावर कितीतरी घरांत एखादी खोली भाविकांना द्यायचा विचार चालू आहे. चांगलं आहे, चार पैसे मिळतील. पण गुगल नकाशावर किंवा जाहिरातीत घरचा, बँकेला जोडलेला नंबर टाकू नका. धंद्याचा नंबर वेगळा ठेवा. एकदा तो नकाशावर गेला की दुसरी संकेतस्थळं तो उचलून आपल्या यादीत लावतात आणि मग एकेकाला पत्र लिहीत बसावं लागतं.

जुना नंबर सोडताना

बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. म्हणून सिम सोडण्याआधी बँक, आधार, गॅस, पीएफ, ईमेल या सगळीकडे नवा नंबर लावा, आणि व्हॉट्सअॅपमध्ये "चेंज नंबर" करा. उलटही लक्षात घ्या: तुम्ही घेतलेला नवा नंबर आधी कुणाचा तरी असू शकतो, आणि त्या माणसाचं नाव तुमच्यावर चिकटून येतं. नवीन सिम घेतलं की पहिल्याच दिवशी वर सांगितलेली बाहेरून बघायची रीत करून टाका.

नको असलेले फोन

जाहिरातीचे फोन बंद करायला १९०९ ला मेसेज पाठवा: इंग्रजी मोठ्या अक्षरांत स्टार्ट, एक जागा सोडून शून्य. १४० नं सुरू होणारे नंबर जाहिरातीचे, १६०० नं सुरू होणारे बँका वगैरेंच्या कामाचे. त्यानंतरही कुणी जाहिरात केली तर ७ दिवसांच्या आत १९०९ वर तक्रार करा. साध्या दहा आकडी नंबरावरून येणारा संशयास्पद फोन किंवा मेसेज संचार साथीतल्या "चक्षू"वर कळवायचा. पैसे गेले असतील तर यातलं काहीही करत बसू नका, तत्काळ १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मिनिटं महत्त्वाची असतात.

आणि फोनवर कुणी तुमचं नाव, गाव, मुलाची शाळा बरोबर सांगितली तर त्यावरून तो बँकेचा किंवा पोलिसांचा ठरत नाही. १९७ च्या टेबलावर आमच्याकडे अख्ख्या शहराची नावं होती, म्हणून आम्ही कुणाचे नातेवाईक झालो नव्हतो. फोन ठेवा, पासबुकावर किंवा कार्डामागं छापलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करा.

त्या मुलीचं नाव आम्ही अॅपच्या संकेतस्थळावरून काढलं. दोन दिवसांनी शेजारच्या मुलाच्या फोनवर पाहिलं तर नुसता नंबर दिसत होता. मग मावशीनं माझ्यासमोर चष्मा लावून आपल्या फोनमधली ती नोंद उघडली, सासरचं आडनाव पुसलं, जेलरोड पुसलं, "नविन" पुसलं आणि लहानपणापासून घरात जे म्हणतात तेवढंच ठेवलं: बाळी.